उलट्या पांगुळगाड्याचे आत्मवृत्त

मित्रांनो, तीन चाके, दोन उभ्या दांड्या आणि धरावयास एक आडवी मूठ, एवढाच माझा देह आहे. मी पांगुळगाडा आहे आणि आता पुष्कळ जुना झालो आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल, कारण हल्लीची बाळे प्लॅस्टिकच्या रंगीत वॉकरमध्ये बसतात. माझ्यात बसता येत नाही. मला धरून उभे राहावे लागते, आणि एक पाऊल टाकले की मी एक पाऊल पुढे सरकतो. बाळाला वाटते, आपण गाडा ढकलीत आहोत. वास्तविक गाडाच त्याला माणसांपर्यंत नेत असतो. ह्या गोष्टीचा मला फार अभिमान होता. होता, असे मी विचार करूनच म्हणतो.

माझा जन्म एका कातारी कारागिराच्या हातून झाला. लाकूड लेथ नावाच्या यंत्रावर गरगर फिरवीत ठेवायचे आणि त्याला पटाशी लावून गोल आकार द्यायचा, ह्या कामाला कातकाम म्हणतात. टेबलांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, लाटणी, खुंट्या असा माल त्या घरात तयार होत असे आणि अजूनही होतो. पुढच्या खोलीत लेथ, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दाराला एक पडदा. त्यामुळे लाकडाचा भुसा जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो, परंतु त्याची तक्रार त्या घरात कोणी करीत नाही. ज्यांनी मला घडविले त्यांना सारे आबा म्हणतात. आबांच्या मुलाला दहावा महिना लागला, तेव्हा एका मोडक्या खाटेचे पाय कापून त्यांनी एका दिवसात मला उभे केले. अंगी जुने लाकूड असल्यामुळे मी जन्मतःच थोडा पोक्त होतो.

आबांची काम तपासण्याची एक रीत होती. चाक कातून झाले की ते एका खिळ्यावर बसवायचे, बोटाने टिचकी मारून फिरवायचे, मग उकिडवे बसून मान खांद्याकडे कलवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चाकाची कड पाहायची. "समोरून बघितलं तर चाक खोटं बोलतं," असे आबा म्हणत. "लंगडतंय का ते तिरक्या नजरेलाच कळतं." माझी तिन्ही चाके त्या नजरेखालून गेली आहेत. ती लंगडत नाहीत. तीस वर्षांनंतर आजही लंगडत नाहीत, आणि ह्याचे मला आता वाईट वाटते.

आबांचा मुलगा माझ्या आधाराने चालू लागला. त्यानंतर गल्लीतील अकरा मुले माझ्या मुठीला धरून चालली. कोणी मला घेऊन गेले की परत आणताना म्हणत, "तुमचा गाडा मोठा गुणी हो, आबा." अशी स्तुती ऐकून कोणाचा ऊर भरून येणार नाही? पुढे मुले मोठी झाली, प्लॅस्टिकचा काळ आला, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तेथे पिंप, फाटकी गादी आणि मी, असे आम्ही तिघे पंचवीस वर्षे एकमेकांचे तोंड पाहात राहिलो. ती उपेक्षा मला तेव्हा फार मोठे दुःख वाटे. दुःख कशाला म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मग एके दिवशी आबांचा मुलगा, जो आता स्वतः बाप झाला होता, शिडी लावून वर आला आणि त्याने मला फुंकर मारली. त्याच्या मुलाला अकरावा महिना लागला होता. त्याला आता मी बाबा म्हणतो, कारण घरात त्याला तेच नाव पडले. बाबांनी माझ्या आसांना तेल घातले, बाळाच्या आईने मला पॉलिश पेपरने घासून वार्निश लावले. आई त्याच घरातील कामगार आहे. लेथवरून उतरलेला सारा माल तिच्या हाताखालून गुळगुळीत होऊन जातो. मला नवे तारुण्य आले.

त्या बाळाला बाबा 'मालक' म्हणत. त्याला कारण होते. घरात कोणीही हाक मारली तरी बाळ ढुंकून पाहात नसे. "मालक आज कामात आहेत, नंतर भेटा," असे बाबा हसत म्हणत, आणि गिऱ्हाईकही हसत असे.

मालक तीन दिवस मला धरून चालले. चौथ्या दिवशी त्यांनी मला सोडले आणि ते स्वतःच चालू लागले, तेही चवड्यांवर, टाचा न टेकविता. "जमीन टोचते वाटतं मालकांना," आबा म्हणाले. इतक्या लवकर चालतो म्हणून सर्वांना कौतुक वाटले. मीही मनात म्हणालो, माझे तेरावे मूल मार्गी लागले.

पाचव्या दिवशी मालकांनी मला उलटे केले. माझी मूठ जमिनीला लागली आणि चाके वर आली. त्यांनी पुढचे चाक बोटाने फिरविले. ते थांबले की पुन्हा फिरविले. ह्या खेळात सकाळ गेली. दुपारी त्यांना जेवावयास उचलले तर त्यांनी आकांत मांडला, आणि भरविणारा हात चुकवून ते पुन्हा माझ्यापाशी आले. मग त्यांनी मान खांद्याकडे कलविली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चाकाची कड पाहू लागले.

आबांनी ते पाहिले. त्यांनी हातातील चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, लेथ बंद कर! आधी बाहेर ये!"

"काय झालं आबा?" बाबा पडदा सारून धावत आले.

"तुझं पोरगं बघ. मान बघ त्याची! डोळा बघ! अरे, ही नजर यायला तुला दोन वर्षं लागली, आणि तीसुद्धा माझ्या हातचा मार खाऊन. हे तर पोटातून शिकून आलंय!"

बाबा उकिडवे बसले. त्यांनीही मान कलविली. "काय मालक, चाक पास का?"

मालकांनी उत्तर दिले नाही.

"बघा, उस्तादी! कामात असला की कातारी बोलत नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. आई दारात उभी राहून हसत होती. मित्रांनो, मीही हसलो. आम्हा सर्वांचीच चूक झाली, परंतु ती चूक दुसऱ्या कोणत्याही घरात झाली नसती. सुताराच्या, शिंप्याच्या, मास्तरांच्या घरी मूल असे तासन् तास चाक फिरवीत बसले असते तर कोणीतरी चार दिवसांत म्हटले असते, हे काय चालले आहे? आमच्या घरी त्याला वारसा म्हणाले. बाबांनी त्याला आणखी सहा चाके कातून दिली, एकाहून एक सरळ.

प्रथम शंका आली ती आईला. दीड वर्षाचा होण्याआधी मालक दोन शब्द बोलत होते, 'दे' आणि 'बाबा'. मग 'बाबा' गेला. नंतर 'दे' गेला. शब्द कोठे जातात, मित्रांनो? दात पडला तर हातात सापडतो. शब्द हरवला तर तो शोधावयास वाकायचे तरी कोठे? आई घरभर त्याच्या मागे "दे म्हण, दे म्हण" करीत फिरे. त्याला काही हवे असले म्हणजे तो तिचे मनगट धरी आणि तिचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवी, माझे चाक थांबले तर चाकावर. तिच्या तोंडाकडे तो पाहात नसे. तरी आई त्यातही सुख मानी. "बघा, मला बोलवायला आला," असे ती सर्वांना सांगे.

"ह्याला ऐकू येतं ना हो?" एकदा तिने बाबांना विचारले.

"लेथशेजारी जन्मलाय तो. आवाजाची सवय आहे."

तिने स्वतःच परीक्षा घ्यावयाचे ठरविले. मालक भिंतीकडे तोंड करून बसले असता तिने मागून हाक मारली. मग टाळी वाजविली. मग स्टीलचे ताट फरशीवर टाकले. मालक हलले नाहीत. परंतु आत आबांनी मला जरा बाजूला सरकविले, आणि माझे डावे चाक तेल आटल्यामुळे बारीक कुरकुरले. तो आवाज दोन खोल्या ओलांडून गेला. मालकांनी वळून पाहिले आणि ते चवड्यांवर धावत आत आले.

आई त्याच्या मागून आली. तिने माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी मी जन्मात विसरणार नाही. "म्हणजे ऐकू येतं," ती हळूच म्हणाली. "फक्त मीच ऐकू येत नाही."

काही दिवसांनी लसीची तारीख आली. मालक माझ्याशिवाय उंबरा ओलांडीत नसत, म्हणून बाबांनी मला काखेत मारले आणि आम्ही सारे रस्त्याने निघालो. वाटेत पानपट्टीवाला ओरडला, "काय मिस्त्री, गाड्याला पण लस टोचायची काय?" बाबा म्हणाले, "ह्याची टोचून झाली, आता तुझी राहिलीय." मंडळी हसली. ती आमची शेवटची हसती वाट होती.

दवाखान्यात नर्सबाईंनी लस टोचली आणि एक कागद पुढे ओढला. त्या भल्या बाई होत्या, पण बाहेर रांग मोठी होती.

"काही प्रश्न आहेत, पटापट सांगा. नाव घेतलं की बघतो का?"

आईने तोंड उघडले. बाबा आधी म्हणाले, "हो."

"हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का?"

"हो."

"तुम्ही एखादीकडे बोट केलं तर तिकडे बघतो?"

"हो, हो."

"दुसऱ्या मुलांमध्ये खेळतो? खोटं खोटं जेवण, गाडी चालवणं, असं काही?"

"अहो बाई, भारी हुशार आहे. आत्ताच चाक लंगडतंय का ते ओळखतो." असे म्हणून बाबांनी मला जमिनीवर उलटे ठेवले. मालकांनी मान कलविली. बाईंनी कौतुकाने "अरे वा!" म्हटले, कागदावर शेवटची खूण केली आणि पुढच्या बाळाला हाक मारली. आई हातातील पिशवीचा बंद बोटाला गुंडाळीत उभी होती. बोटाचे टोक पांढरे पडले होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "खोटं का बोललात?"

"खोटं कुठे? आज नाही करत, उद्या करेल."

"बोटाने कधी दाखवलंय त्याने? एकदा तरी?"

"अगं, मीपण उशिराच बोललो. विचार आबांना."

आबा म्हणाले, "तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता हा. आता बघ, गप्प बसत नाही." त्यांनी विनोद केला, पण कोणी हसले नाही. आई म्हणाली, "तुमचा मुलगा तुमच्याकडे बघत तरी होता ना, आबा?" बाबा पडदा सारून लेथकडे गेले, आणि दिवसभर तो चालू ठेवला. बोलणे नको असले की त्या घरातील पुरुष लेथ चालू करतात.

मी बाबांना दोष देत नाही. माणूस भीतीच्या पोटी 'हो' म्हणतो. त्यांना वाटले, कागदावर 'नाही' लिहिले गेले तर ते खरे होईल. पण कागदावर 'हो' लिहिले तरी मूल बदलत नाही; तेवढे दिवस मात्र जातात. आमचे दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांत मालक अडीच वर्षांचे होत आले. आई रोज एक नवा उपाय करी. कधी आरशासमोर बसवी, कधी ताटातले घास बोलके करी, कधी नुसतीच रडे. शेजारणी सांगत, "लाडावून ठेवलाय." आत्याने फोनवर सांगितले, "त्याला मोबाईल दाखवत जाऊ नका," आणि त्या घरात त्याला मोबाईल कोणी दाखविला नव्हता. आईने दोनदा डॉक्टरांचे नाव काढले. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "तीन पुरी होऊ देत."

मग तो दिवस उजाडला. सकाळचे अकरा वाजले असावेत. बाबा जिन्याच्या कठड्याचा खांब कातीत होते. अशा खांबाचा मधला भाग गोल असतो, परंतु दोन्ही टोके चौकोनी ठेवतात, आणि लेथवर ती टोके फिरू लागली की कोपरे दिसेनासे होतात. नुसता धूसर धूर फिरत असल्यासारखे वाटते. त्याला हात लागला तर हाड मोडते. आई मागे वार्निश लावीत होती. पडदा वाऱ्याने बाजूला झाला आणि मालकांना ते फिरणारे लाकूड दिसले. त्यांनी माझे चाक सोडले. ते उठले, मान कलविली आणि सरळ लेथकडे निघाले.

बाबांनी मान वर केली तेव्हा मालक चार पावलांवर होते.

"मालक! ए! थांब!"

मालक थांबले नाहीत.

"अरे थांब! ए राजा! बाळा!" मग बाबांनी त्याचे खरे नाव घेऊन हाक मारली. ती हाक मी कधी ऐकली नव्हती. माणसाच्या छातीत एवढा आवाज असतो हे मला ठाऊक नव्हते. रस्त्यावरची माणसे थबकली. खिडकीच्या काचा थरथरल्या. आबांना कमी ऐकू येते, तेसुद्धा दचकून उठले. त्या खोलीत एकच जीव असा होता की ज्याने ती हाक ऐकली नाही, आणि ती त्याच्यासाठी होती.

बाबांनी पटाशी फेकली आणि हात मध्ये घातला. कोपऱ्याचा तडाखा त्यांच्या पंजाच्या मागच्या बाजूस बसला. आबांनी बटण बंद केले. भुशावर रक्ताचे थेंब पडले आणि भुशाने ते शोषून घेतले. आई धावत आली.

लाकूड हळूहळू थांबले, तसे मालक रडू लागले. लागले म्हणून नव्हे, लाकूड थांबले म्हणून. त्यांनी पुढे होऊन बाबांचे मनगट धरले. तोच हात, रक्ताने माखलेला. तो ओढीत नेऊन त्यांनी लाकडावर ठेवला. फिरव, एवढाच त्याचा अर्थ होता. बाबा गुडघ्यांवर बसले होते, त्यांचे तोंड मुलाच्या तोंडासमोर वितीवर होते. "माझ्याकडे बघ," ते म्हणाले. "एकदा बघ रे. बाबाला लागलंय." मालक लाकडाकडे पाहात होते.

बाबा उठले, माझ्यापाशी आले आणि डाव्या हाताने त्यांनी माझी तिन्ही चाके आसांसकट उपटून काढली. आबांनी केलेले काम त्यांना मोडताना मी पाहिले. "ह्यानेच नेलं त्याला," असे म्हणून त्यांनी मला माळ्यावर भिरकावले. चाके, ती सहा नवी चाकेसुद्धा, कुलपात गेली.

मित्रांनो, ह्यापुढचे तीन दिवस मी माळ्यावरून ऐकले. मालक भिंतीवर डोके आपटीत होते. धप्, धप्, असा तो आवाज येई आणि मध्ये आई आपला तळहात घाली, म्हणजे आवाज मऊ होई. त्यांनी खाणे सोडले. शेजारच्यांनी दार वाजवून विचारले, "मारता का काय त्याला?" चौथ्या दिवशी आवाज थांबला. मालक आता कोणाचे मनगटही धरीत नव्हते. पूर्वी निदान हात लागत होता, तोही लागेनासा झाला. चाक नेले म्हणजे मूल परत मिळेल, असे बाबांना वाटले होते. चाकाबरोबर होती नव्हती ती वाटही गेली.

मग ती दोघे बालतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आल्यावर आबांनी विचारले, "काय म्हणाल्या?"

"स्वमग्नतेची लक्षणं दिसतात म्हणाल्या," आई म्हणाली. "ऑटिझम. अजून तपासायचंय, पण थांबू नका, शिकवायला आजच लागा म्हणाल्या. कान चांगले आहेत त्याचे."

"कशाने झालं? गाड्याने?"

"नाही आबा. गाड्याने नाही, लेथने नाही, कुणाच्या चुकीने नाही. जन्मापासूनच तो असा आहे म्हणाल्या."

"मग ते तिरकं बघणं?"

"तेसुद्धा लक्षणच."

त्या दिवसापासून आबा चाक समोरूनच पाहतात, आणि त्यांच्या हातची चाके लंगडू लागली आहेत.

मग बाबा बोलू लागले. त्यांचा पंजा बांधलेला होता. "त्यांच्याकडे जुना कागद आला होता, आबा. लसीच्या दिवसाचा. सगळीकडे हो. त्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. मी म्हणालो नाही. नाही. नाही. सगळ्याला नाही. मग मी विचारलं, बाई, दहा महिने आधी आलो असतो तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, आता आलात ना." बाबांनी बांधलेला पंजा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. काहीच फरक पडला नसता, असं म्हणायला हवं होतं त्यांनी. तेवढं नाही म्हणाल्या."

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितले होते: त्याचे आवडते खेळणे काढून घेऊ नका, तेथूनच त्याच्यापर्यंत जायचे आहे. म्हणून बाबा पुन्हा शिडी लावून वर आले. त्यांनी मला फुंकर मारली नाही. बराच वेळ कवेत धरून ठेवले. एका हाताने त्यांनी नवे आस बसविले, चाके चढविली, तेल घातले. मला मालकांसमोर उलटे ठेवले आणि स्वतः टिचकी मारून चाक फिरविले. मी जीव तोडून फिरलो. एवढा सरळ मी आयुष्यात कधी फिरलो नव्हतो.

मालकांनी पाहिले नाही. ते भिंतीवर हलणारा उन्हाचा कवडसा पाहात होते.

बाबांनी पुन्हा फिरविले. दुपार संपेपर्यंत ते फिरवीत राहिले आणि "हे बघ, हे बघ," म्हणत राहिले. आई म्हणाली, "पुरे हो." बाबा म्हणाले, "एकदा बघू दे."

आता दर गुरुवारी अशा मुलांना शिकविणाऱ्या एक बाई घरी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "तुम्ही ह्याला हाक काय मारता?" बाबा म्हणाले, "मालक." आबा म्हणाले, "उस्ताद." आई म्हणाली, "पिल्लू, राजा, कधी बाळा." बाई म्हणाल्या, "मग त्याने कशाला ओ द्यायची? एकच नाव ठरवा." तेव्हापासून घरात मालक म्हणणे बंद झाले आणि बाबांचा तो विनोदही मेला. त्याचे खरे नाव मी येथे लिहीत नाही. ते आता केवळ त्याच्या कानासाठी राखून ठेवले आहे.

बाईंनी रीत लावून दिली आहे. खोली शांत ठेवायची. त्याच्यासमोर जमिनीवर, त्याच्या उंचीला बसायचे. एकदाच हाक मारायची आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचे. वळला तर कौतुक करायचे. नाही वळला तर थोड्या वेळाने पुन्हा. आई रोज संध्याकाळी पाच वाजता बसते. आज एकेचाळिसावा दिवस आहे. तो एकदाही वळलेला नाही. हे वाचून तुम्हाला वाटेल की शेवटी तो वळेल आणि गोष्ट गोड होईल. मलाही रोज तसेच वाटते, आणि रोज दिवा लागतो, आई उठते, तिचे गुडघे आखडलेले असतात, ती भिंतीला धरून उभी राहते. मी कोपऱ्यात असतो. चालावयास शिकविणे एवढेच मला येत होते, आणि त्या मुलाला ते येतेच आहे.

माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे शेवटी आपली निगा राखा असे मागतात. मला वाळवी लागली तरी चालेल. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या वर्गात, गल्लीत एखादे मूल हाकेला ओ देत नसेल, तर त्याला घमेंडखोर म्हणू नका. कोणी तुमच्या धाकट्या भावंडाविषयी विचारले, तर जे दिसते तेच सांगा, 'नाही' असेल तर 'नाही' सांगा; मोठी माणसे घाबरलेली असतात. आणि आणखी एक. आमच्या घराच्या खिडकीखाली तुम्ही रोज चेंडू खेळता. खेळा, तुमचे खेळणे ऐकावयास मला आवडते. परंतु पाच वाजले आहेत. बाबांनी लेथ बंद केला आहे. आबा काठी न वाजविता बाहेर जाऊन बसले आहेत. आई जमिनीवर बसली, तिने पदराने तोंड पुसले, आता ती हाक मारील.

मित्रांनो, दहा आकडे होईपर्यंत कृपा करून कोणी ओरडू नका.